फाशीची तुलना करायची तर कशी?

देहदंड आणि मानवी हक्क या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. वेगळं वर्ष दिलेलं नसेल तिथे आकडे २०२४ अखेरचे समजावेत.

प्रश्न : वादविवाद स्पर्धेची तयारी करतोय. एका ठिकाणी १४५ देशांनी फाशी रद्द केल्याचं वाचलं, दुसरीकडे ११३. समोरचा संघ म्हणतो, जगातली निम्म्याहून जास्त माणसं फाशी असलेल्या देशांतच राहतात. यातलं खरं कोणतं?

उत्तर : तिन्ही खरं आहे, मोजण्याची रीत वेगळी आहे. मानवी हक्कांसाठी काम करणारी अॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था देशांचे चार गट करते. कोणत्याही गुन्ह्यासाठी देहदंड नाही असे ११३ देश. नेहमीच्या गुन्ह्यांसाठी नाही, पण युद्धकाळ वगैरेसाठी शिल्लक ठेवला आहे असे ९. कायद्यात आहे, पण दहा वर्षांत एकालाही दिलेला नाही आणि न देण्याचं धोरण दिसतं असे २३. या तिघांची बेरीज १४५. उरले ५४, आणि त्यांत चीन, भारत, अमेरिका, इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया हे सगळे येतात. म्हणून लोकसंख्येचं विधानही चुकीचं नाही. मात्र त्या ५४ पैकी २०२४ मध्ये प्रत्यक्ष अंमलबजावणी झाल्याची नोंद फक्त १५ देशांत आहे. हा आकडा समोरच्या संघाला जरूर ऐकवा.

तिसऱ्या गटाबद्दल मात्र सावध राहा. ‘व्यवहारात बंद’ म्हणजे दार नुसतं लोटलेलं, कडी लावलेली नाही. गांबियाने जवळपास २७ वर्षं कोणाला देहदंड दिला नव्हता, आणि २०१२ मध्ये एकाच वेळी नऊ जणांना गोळ्या घातल्या. पाकिस्तानात २००८ पासून अंमलबजावणी जवळपास थांबली होती. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला आणि पुढच्या एका वर्षात तीनशेहून अधिक जण फासावर गेले. श्रीलंकेत शेवटची फाशी १९७६ सालची, तरी न्यायालयं शिक्षा सुनावतच असतात. २०१९ मध्ये तर तिथल्या सरकारने जल्लादाच्या जागेसाठी जाहिरातही दिली. पुढची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने रोखली.

कडी लावायची रीत म्हणजे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९८९ मध्ये जोडलेला दुसरा ऐच्छिक पूरक करार (प्रोटोकॉल). तो स्वीकारणारा देश देहदंड रद्द करायला बांधला जातो, आणि त्यातून बाहेर पडण्याचं कलमच नाही. फिलिपिन्सने १९८७ च्या राज्यघटनेत देहदंड बंद केला, १९९३ मध्ये परत आणला, २००६ मध्ये पुन्हा काढला आणि २००७ मध्ये हा पूरक करार स्वीकारला. २०१७ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने देहदंड परत आणण्याचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा विरोधकांच्या हातात सर्वांत भक्कम मुद्दा हाच होता. विधेयक सिनेटमध्ये अडकलं.

प्रश्न : भारत, चीन, अमेरिका, इराण, सौदी अरेबिया यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आहे. वर्षाला किती फाशी, एवढा एक रकाना पुरे का?

उत्तर : पुरणार नाही. त्या एका रकान्यातच तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा चीनचा. तिथे हा आकडा राज्य-गुपित आहे. २०२४ मध्ये जगभरात नोंदलेल्या १,५१८ अंमलबजावण्यांत चीन धरलेला नाही. तिथे हजारोंना देहदंड दिला जात असावा असा अॅम्नेस्टीचा अंदाज आहे. व्हिएतनाम आणि उत्तर कोरियाचीही गत तीच. तक्त्यात तिथे शून्य लिहू नका, ‘गुप्त’ लिहा. शून्य आणि गुप्त यांत गल्लत झाली की सगळी क्रमवारीच उलटी होते.

दुसरा, लोकसंख्येचा. इराणमध्ये किमान ९७२ आणि सौदीत किमान ३४५ म्हटलं की इराण तिप्पट वाटतो. पण इराणची लोकसंख्या ९ कोटींच्या आसपास, सौदीची साडेतीन कोटी. दहा लाखांमागे काढलं तर दोन्हीकडे १० च्या आसपास येतं. अमेरिकेत त्या वर्षी २५; दहा लाखांमागे ०.०७.

तिसरा खड्डा सगळ्यांत मोठा. शिक्षा सुनावणं वेगळं आणि ती अंमलात येणं वेगळं. भारतात सत्र न्यायालयं वर्षाला शंभरेक जणांना फाशी सुनावतात, पण २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये चौघांना फाशी दिल्यानंतर २०२४ अखेरपर्यंत एकही अंमलबजावणी झाली नव्हती. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २००० ते २०१४ या काळातल्या शिक्षांचा माग काढला, तेव्हा वरच्या न्यायालयांतून गेल्यावर फाशी टिकली ती जेमतेम ५ टक्के कैद्यांची. सुमारे ६५ टक्क्यांची शिक्षा कमी झाली आणि ३० टक्के सरळ निर्दोष सुटले. दर दहांतले तीन! पहिल्या न्यायालयाच्या निकालावर किती भिस्त ठेवायची, याचा अंदाज यावरून बांधा.

म्हणून तक्ता पायऱ्यांचा करा. कोणत्या गुन्ह्यांना देहदंड आहे. न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देण्याची मुभा आहे की नाही. शिक्षा कायम कोण करतं. दयेचा अर्ज कोणाकडे जातो. कैद्याला तारीख किती आधी कळते. सरकार आकडे छापतं का. यात दुसरा रकाना कळीचा आहे. बहुतेक तक्त्यांत तोच नसतो.

भारताची ओळ भरायची तर अशी : सक्तीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू सिंग खटल्यात घटनाबाह्य ठरवली. त्याआधी १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातलं दुर्मीळ’ ही कसोटी घातली होती. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय लागू होत नाही (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७). मग सर्वोच्च न्यायालयात अपील, मग पुनर्विलोकन याचिका. तिची सुनावणी २०१४ पासून तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात होते. त्यानंतर राज्यपाल आणि राष्ट्रपती. चीनमध्ये १ जानेवारी २००७ पासून प्रत्येक देहदंड सर्वोच्च जन-न्यायालयाकडे तपासणीला जातो. त्याआधी बरीच प्रकरणं प्रांताच्या पातळीवरच संपत. शिवाय तिथे ‘दोन वर्षं स्थगित देहदंड’ नावाचा प्रकार आहे. त्या दोन वर्षांत कैद्याने नवा गंभीर गुन्हा केला नाही तर शिक्षा जन्मठेपेवर येते. अमेरिकेत २७ राज्यांच्या कायद्यात देहदंड आहे, आणि सगळीकडे ज्यूरीचं एकमत लागतं असंही नाही. फ्लोरिडाने २०२३ मध्ये १२ पैकी ८ मतं पुरेशी ठरवली. तेव्हा ‘अमेरिका’ अशी एकच ओळ करू नका.

प्रश्न : सिंगापूरच्या बातम्यांत ‘१४.९९ ग्रॅम हेरॉइन’ असा आकडा वारंवार दिसतो. इतकं काटेकोर वजन गुन्हेगार करतात की काय?

उत्तर : गुन्हेगार कशाला करतील, सरकारी वकील करतात. सिंगापूरच्या कायद्यात १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनच्या तस्करीला देहदंड आहे. गांजासाठी ही रेषा ५०० ग्रॅमची, मेथॅम्फेटामाइनसाठी २५० ग्रॅमची. एखाद्या आरोपीवर देहदंडाचा खटला चालवायचा नाही असं ठरलं की आरोपपत्रात ‘१४.९९ ग्रॅमपेक्षा कमी नाही’ असं लिहितात. जप्त माल त्याहून जास्त असू शकतो. म्हणजे जगण्या-मरण्याचा निर्णय पुष्कळदा न्यायाधीशापुढे जाण्याआधीच, आरोपपत्र लिहिणाऱ्याच्या टेबलावर होतो.

हे वजन शुद्ध हेरॉइनचं धरतात, पुडीचं नव्हे. रस्त्यावरच्या मालात भेसळच जास्त असते, त्यामुळे जप्त पावडर काही शे ग्रॅम भरते आणि प्रयोगशाळेत त्यातून १५-२० ग्रॅम शुद्ध निघतं. याशिवाय २ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन जवळ सापडलं तर ते विकण्यासाठीच होतं असं कायदा धरून चालतो. ‘माझ्या वापराचं होतं’ हे आरोपीने सिद्ध करायचं. घराच्या किंवा गाडीच्या किल्ल्या जवळ असल्या तरी आतला माल तुमचाच, असंही गृहीतक आहे. मानवी हक्कांच्या बाजूने खरा आक्षेप इथे आहे. निर्दोषत्व गृहीत धरण्याचं तत्त्व नेमकं जिथे चूक दुरुस्त होत नाही तिथेच सैल केलेलं आहे.

२०१३ पासून थोडी फट ठेवली आहे. आरोपी नुसता वाहक होता हे सिद्ध झालं आणि त्याने तपासाला ठोस मदत केल्याचं प्रमाणपत्र सरकारी वकिलाने दिलं, तर न्यायाधीश जन्मठेप आणि किमान १५ फटके देऊ शकतो. यातली गोम अशी की, सगळ्यांत खालच्या हमालाकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. ज्याला माहिती जास्त तो वाचतो.

शेजारच्या मलेशियाने जुलै २०२३ पासून सक्तीचा देहदंड काढला; आता न्यायाधीशाला ३० ते ४० वर्षांच्या कैदेचा पर्याय आहे. इराणने २०१७ मध्ये हेरॉइनची मर्यादा ३० ग्रॅमवरून २ किलोवर नेली आणि पुढच्याच वर्षी अमली पदार्थांसाठीचे देहदंड एकदम घसरले. कायद्यातला एक आकडा बदलल्याने काय होतं याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणार नाही. अर्थात २०२१ नंतर तिथला आलेख पुन्हा चढला. भारतात अमली पदार्थांच्या काही ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास असलेली सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमान्य केली. २०१४ च्या दुरुस्तीने ती ऐच्छिक झाली.

प्रश्न : नात्यातला एक मुलगा आखाती देशात खुनाच्या आरोपाखाली अटकेत आहे. ‘पैसे भरले की सुटतो’ असं एकजण सांगतोय आणि आगाऊ रक्कम मागतोय. काय करावं?

उत्तर : त्या माणसाला एक पैसाही देऊ नका. आधी पुढच्या गोष्टी करा.

पहिलं काम दूतावास. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्या परदेशी नागरिकाला ‘तुझ्या दूतावासाला कळवू का’ असं विनाविलंब विचारणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पुष्कळदा विचारत नाहीत. घरच्यांनी स्वतः लेखी कळवावं. भारतीय नागरिक असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. पासपोर्ट क्रमांक, अटकेची तारीख, पोलीस ठाणं किंवा तुरुंग आणि मालकाचं नाव लागेल. मुलाला एवढंच पोचवा की न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा. अशा खटल्यांत शिक्षेचा पाया बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतला कबुलीजबाबच असतो, आणि तो नंतर मागे घेतला तरी न्यायालय मानेलच असं नाही.

मग आरोप नेमका कोणत्या वर्गातला आहे ते वकिलाकडून लेखी घ्या. सगळं यावर अवलंबून आहे. ‘किसास’ म्हणजे खुनाचा बदला. तो मागण्याचा किंवा सोडण्याचा हक्क मृताच्या वारसांचा. फक्त इथेच ‘दियत’ म्हणजे रक्तमोल चालतं. ‘हुदूद’मध्ये, उदाहरणार्थ वाटमारीच्या आरोपात, वारसांनी माफ करूनही शिक्षा टळत नाही. ‘ताझीर’ म्हणजे न्यायाधीशाच्या किंवा राज्यकर्त्याच्या अखत्यारीतली शिक्षा. अमली पदार्थ बहुतेक इथे येतात, आणि तिथे रक्तमोलाचा प्रश्नच नाही. ड्रग्जच्या गुन्ह्यात ‘ब्लड मनी’ मागणारा मध्यस्थ लबाड आहे, हे नक्की समजा.

किसास असेल तर वारस किती आणि कोण हे पाहा. सौदीत एका वारसाने माफ केलं तरी किसास पडतो. इराणमध्ये तसं नाही. उरलेले वारस माफ करणाऱ्यांच्या हिश्शाची रक्कम भरून बदला मागू शकतात. वारस अज्ञान असेल तर सौदीत तो सज्ञान होईपर्यंत थांबतात. अशी प्रकरणं दहा-पंधरा वर्षं लोंबकळतात. कायद्यात दियतीची रक्कम ठरलेली असली तरी किसास सोडण्यासाठी वारस तिच्या कितीतरी पट मागू शकतात. समझोता न्यायालयात नोंदवल्याशिवाय आणि दूतावासाला कळवल्याशिवाय रक्कम हलवू नये. रोख तर नकोच. आणि माफी झाली म्हणजे मुलगा दुसऱ्या दिवशी विमानात बसेल असं नाही. वारसांचा ‘खासगी हक्क’ संपतो, राज्याचा ‘सार्वजनिक हक्क’ उरतो, त्याखाली तुरुंगवास होतोच.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं नावही लोक घेतात. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी त्या न्यायालयाने पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचं ठरवलं, पण उपाय सांगितला तो शिक्षेच्या फेरविचाराचा, सुटकेचा नव्हे. शिवाय तिथे दाद सरकारच मागू शकतं, कुटुंब नाही. आणि समोरच्या देशाने त्या न्यायालयाचा अधिकार मानलेला असावा लागतो.

प्रश्न : युरोपात पकडलेला आरोपी परत आणताना ‘फाशी देणार नाही’ अशी हमी का द्यावी लागते? हा आपल्या न्यायालयांचा अपमान नाही का?

उत्तर : यात अपमान कसला, हा सौदा आहे. १९८९ च्या सोअरिंग खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की, आरोपीला ब्रिटनमधून अमेरिकेत पाठवल्यास त्याला देहदंडाच्या कोठडीत वर्षानुवर्षं जे भोगावं लागेल ते अमानुष वागणुकीत मोडतं, आणि त्याला ब्रिटनही जबाबदार ठरेल. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये, अगदी अपवादात्मक प्रसंग सोडता, हमी बंधनकारक केली. हमी अमेरिकाही देते. भारताच्या प्रत्यार्पण कायद्यात तर कलम ३४-सी त्यासाठीच आहे : पाठवणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला देहदंड नसेल तर इथे जन्मठेप. पोर्तुगालने २००५ मध्ये अबू सालेमला सोपवलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या अटीवर. ती पाळावीच लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

प्रश्न : जपानमध्ये कैद्याला फाशीच्या दिवशी सकाळीच सांगतात हे खरं का? इतक्या शिस्तीच्या देशात असं का?

उत्तर : खरं आहे. साधारण एक-दोन तास आधी. घरच्यांना कळतं ते फाशी झाल्यावर. १९७० च्या दशकापर्यंत आदल्या दिवशी सांगत. मग कैदी आत्महत्या करतील, मन शांत राहणार नाही, या कारणाने ते बंद झालं. परिणामी कामाच्या दिवसाची प्रत्येक सकाळ, पहारेकऱ्याची पावलं कोठडीपुढे थांबतात का हे ऐकण्यात जाते. २०१० मध्ये तत्कालीन न्यायमंत्र्यांनी टोकियोचा फाशीघर पत्रकारांना दाखवला. शेजारच्या खोलीत भिंतीवर तीन बटणं आहेत; तीन कर्मचारी ती एकदम दाबतात, पायाखालची फळी कोणाच्या बटणाने उघडली ते कोणालाच कळत नाही. व्यवस्थेने काळजी घेतलीय ती दाबणाऱ्याच्या मनाची.

भारतात २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने उलटी बाजू धरली. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस हवेत, आणि कुटुंबाला आधी कळलं पाहिजे. दयेच्या अर्जाला सरकारने विनाकारण लावलेला उशीर हेच शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकतं, असं सांगून न्यायालयाने त्या दिवशी १५ जणांची फाशी रद्द केली. जमैकाच्या एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (जमैकातल्या अपिलांचं शेवटचं न्यायालय) १९९३ मध्ये अशा उशिराला पाच वर्षांची मोजपट्टीच घालून दिली होती. टेक्सासमध्ये तारीख किमान ९१ दिवस आधी ठरते.

‘मग लवकर द्या’ असं म्हणणाऱ्यांनी इवाओ हाकामादा यांचं प्रकरण वाचावं. १९६६ मध्ये अटक, १९६८ मध्ये देहदंड. मुख्य पुरावा म्हणजे खुनानंतर १४ महिन्यांनी मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताळलेले कपडे. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं खारट लगदं. त्यात वर्षभर बुडालेलं रक्त काळपट व्हायला हवं, छायाचित्रांत डाग लालसर होते. एवढी साधी गोष्ट प्रयोग करून मांडायला आणि न्यायालयाला पटायला काही दशकं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने पुरावा बनावट ठरवून त्यांना निर्दोष सोडलं, वयाच्या ८८ व्या वर्षी. जपानी कायद्यात शिक्षा अंतिम झाल्यावर सहा महिन्यांत अंमलबजावणीचा आदेश द्यावा असं कलम आहे. तेवढ्या घाईने अंमलबजावणी झाली असती, तर हा निकाल ऐकायला हा माणूस उरलाच नसता.

प्रश्न : लहान मुलांवरच्या बलात्काराला तरी फाशी हवीच ना? इतर देशांत काय आहे?

उत्तर : भारतात २०१८ पासून १२ वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला देहदंड होऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये केनेडी विरुद्ध लुइझियाना खटल्यात, बळी जिवंत असेल तर देहदंड नाही, असं ठरवलं. फ्लोरिडाने २०२३ मध्ये मुद्दाम त्याविरुद्ध कायदा केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ च्या आपल्या भाष्यात, नागरी व राजकीय हक्कांच्या करारात देहदंडाला ज्या ‘अतिगंभीर गुन्ह्यां’पुरती मुभा आहे ते म्हणजे फक्त हेतुपुरस्सर केलेली हत्या, असा अर्थ लावला आहे.

तत्त्व बाजूला ठेवून कामकाज पाहिलं तरी अडचणी दोन. बलात्कार आणि बलात्कार करून खून, दोन्हींना शिक्षा तीच असेल, तर एकमेव साक्षीदार जिवंत ठेवण्याचं कारण गुन्हेगाराला उरत नाही. दुसरं, आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला असतो, अनेकदा घरातला. काकाला फासावर चढवायचं की पोरीचं तोंड बंद करायचं, यातलं घर काय निवडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. धाक किती बसतो यावर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २०१२ मध्ये सगळे अभ्यास तपासले आणि त्यांतून कोणत्याही बाजूने निष्कर्ष काढू नये असं सांगितलं. हाँगकाँगमध्ये १९६६ नंतर फाशी झालेली नाही, सिंगापूरमध्ये नव्वदीच्या दशकात झपाट्याने होत होत्या. दोन्ही शहरांत खुनांचं प्रमाण जवळपास बरोबरीने घटत गेलं.

प्रश्न : ‘सौदीत तिघांना फाशी’ असा मथळा वाचला. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. सौदीत तलवारीने शिरच्छेद करतात. फाशी म्हणजे फासाने. ती भारत, जपान, सिंगापूर, इराण इथे. बेलारूसमध्ये डोक्यात मागून गोळी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी विषारी इंजेक्शन, पण औषध कंपन्यांनी पुरवठा नाकारल्यावर अलाबामाने जानेवारी २०२४ मध्ये नायट्रोजन वापरला. सगळ्यांना मिळून म्हणायचं तर देहदंड किंवा मृत्युदंड लिहावं.